बल्ब चांगला आहे

सकाळी ८:४५
कराडजवळ पुणे-बंगळूर महामार्गाच्या सर्व्हिस रोडला पत्र्याचा गाळा. मिस्त्री शटर वर ढकलतो, अगरबत्ती लावतो, टेस्ट लॅम्प खिशात टाकतो. छोटा बल्ब, दोन वायरी, एका टोकाला क्लिप, दुसऱ्याला सुई. निम्मी गाडी यानेच तपासून होते. हाताखाली एक पोरगा, हजेरी चारशे.

९:१५
चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून आलेली जुनी गाडी. वर धुकं, पाऊस, आणि दोन्ही दिवे मिणमिणते.
"दोन्ही बल्ब टाका नवीन," काका म्हणतात.
मिस्त्री मीटर लावतो. बॅटरीवर १२.४ व्होल्ट, बल्बच्या कपलरवर १०.१.
"बल्ब चांगलं हायत, काका. करंट वाटंत अडतोय."
अर्थची वायर बॉडीला कसलेली असते, तिथे गंज. बोल्ट खोलला. पॉलिश पेपरने पत्रा चकाकेपर्यंत घासला. नवीन लग दाबून बसवला, वर ग्रीस. पाऊण तास गेला. सामान तीस रुपये, मजुरी दोनशे.
"पण बदललं तर काहीच नाही!"
शेवटी दीडशेवर मिटतं.

११:३०
जळका वास आधी येतो, गाडी मागून. एच-फोरच्या ६०/५५ वॅटच्या जागी कुणीतरी १००/९० चे बल्ब घातलेत. पाच अँपिअरच्या वायरीतून आठ चाललेत. होल्डर वितळून बल्बच्या पायांना चिकटलाय. मिस्त्री पक्कडीने तुकडे तुकडे काढतो. पोराला बजावतो, "नव्या बल्बच्या काचेला बोट लावू नको." बोटाचं तेल लागलं की हॅलोजन तिथेच तापतो आणि लवकर जातो. सिरॅमिक होल्डर, रिले, बॅटरीपासून थेट जाड वायर. नऊशे रुपये. इथे घासाघीस नाही. पिशवीभर सामान डोळ्यांना दिसतं.

दुपारी २:००
डबा खाऊन पोरगा पिवळ्या पडलेल्या काचांना बसतो. म्हणायला काच, असतं प्लॅस्टिक. आठशे, बाराशे, दोन हजार नंबरचा पेपर, पाणी मारत एकाच दिशेने. मग कंपाउंड आणि बफिंग. दीड तासात काच निवळते, दंड भरून येतात. जोडीचे चारशे. मिस्त्री आधीच सांगतो, "वरचा थर गेला. उन्हात ठेवली तर परत पिवळी पडणार."

४:२०
दिव्यात पाणी. पातळ वाफ धरली असती तर दिवा लावून ठेवल्यावर गेली असती. हे तळाला साचलंय. मागची रबरी टोपीच नाही. एलईडी बसवताना कुणीतरी काढून फेकलेली. टोपी साठ रुपयांची, शोधायला दोन दुकानं आणि पोराची सायकल.

७:३०
अंधार पडला की भिंतीचं काम. सपाट जागा, चाकांत हवा नीट, सीटवर माणूस. भिंतीवर खडूची रेघ. "समोरचे शिव्या घालतात," ही तक्रार. मिस्त्री स्क्रू फिरवतो, झोताची कड रेघेखाली आणतो. आधी डावा, मग उजवा.
"किती?"
"शंभर."
"बल्ब तर माझाच. शंभर कशाचे?"
"त्या रेघेचे."
माणूस हसतो, नोट काढतो. मिस्त्री गल्ल्यातल्या तीनशेत ती घालतो आणि पोराच्या हातावर ठेवतो.