शब्द पुस्तकातला, अर्थ घरातला

मी ज्या शाळेत शिकवते ती उर्दू माध्यमाची आहे. उर्दू आणि मराठी हे दोन्ही विषय माझ्याकडे असतात. आमचे कबनूर म्हणजे इचलकरंजीचा शेजार. गाव कुठे संपते आणि शहर कुठे सुरू होते हे परक्या माणसाला सांगता येणार नाही. दोन्हीकडे मागांचा खडखडाट सारखाच. माझ्या वर्गातली निम्मी मुले यंत्रमाग कामगारांच्या घरची आहेत. घरात कोणी दखनी बोलते, कोणी मराठी, तर बरेचजण एकाच वाक्यात दोन्ही.

तरीही मराठीचा पेपर म्हटला की ही मुले घाबरतात. दारात भाजीवाल्याशी फाडफाड मराठी बोलणारी मुलगी उत्तरपत्रिकेत दोन ओळींवर थांबते. का, असे विचारले तर एकच उत्तर येते, "मॅडम, शब्द येत नाहीत."

अनेक वर्षे मी यावर सोपा उपाय करत होते. दर सोमवारी फळ्यावर चाळीस शब्द आणि त्यांचे अर्थ लिहायचे. शुक्रवारी परीक्षा. मुले पाठ करायची, गुण मिळवायची आणि पुढच्या सोमवारपर्यंत विसरायची. एकदा एका मुलीने 'उत्कंठा' या शब्दाचा अर्थ अगदी बरोबर लिहिला, 'तीव्र इच्छा'. खाली वाक्य लिहिले, 'मला पाणी पिण्याची उत्कंठा झाली.' मी हसले. घरी जाताना मात्र वाटले, चूक तिची नाही. त्या बिचारीला हा शब्द कुठे भेटलाच नव्हता. अनोळखी माणसाचे नुसते नाव आणि गाव सांगावे, तसे मी तिला सांगितले होते.

मग मी यादी बंद केली आणि नववीच्या वर्गात एक कादंबरी वाचायला घेतली. साने गुरुजींची 'श्यामची आई'.

हे पुस्तक साने गुरुजींनी फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिले आणि १९३५ साली ते प्रसिद्ध झाले. लिहिणारा माणूस स्वतः शिक्षक होता. अमळनेरच्या शाळेत त्यांनी सहा वर्षे शिकवले, वसतिगृहातल्या मुलांसाठी हाताने लिहिलेले दैनिक काढले. त्यामुळे पुस्तकाची भाषा मुलांना समोर बसवून बोलल्यासारखी आहे. त्यात बेचाळीस रात्री आहेत, रोज रात्री एक गोष्ट. वर्गात आठवड्याला एक रात्र वाचायची, एवढेच मी ठरवले.

नियम दोनच होते. वाचताना अडलेल्या शब्दापाशी थांबायचे नाही, गोष्ट पुढे न्यायची. आणि शेवटी प्रत्येकाने पाच शब्द निवडून घरी न्यायचे, त्यांचा अर्थ आधी कोशात न पाहता घरच्या माणसांना विचारायचा.

दुसरा नियम मी सहज केला होता, पण खरे काम त्यानेच केले.

त्या पुस्तकात एक प्रसंग आहे. आई भाजीत मीठ घालायला विसरते. वडील आणि मुले काहीही न बोलता जेवून उठतात. आई शेवटी जेवायला बसते तेव्हा तिला कळते की भाजी अळणी होती. वर्गात 'अळणी' हा शब्द तीन-चार मुलांनीच ओळखला. एका मुलीने तो वहीत लिहून घरी नेला. दुसऱ्या दिवशी तिची अम्मी काही कामासाठी शाळेत आली. माउली कधी शाळेत गेलेली नाही. मला बघून म्हणाली, "अवो मॅडम, अळणी म्हंजे बिनमिठाचं. एवढं पण माझ्या लेकीला ठावं न्हाई व्हय? मला इचारलं तवा मीच हसले." आणि मग अभिमानाने म्हणाली, "अजून शब्द पाठवा घरी."

त्या दिवशी तासाला मी मुलांना आठवण करून दिली की प्रेषित मुहम्मद (स.) यांनी कधी अन्नाला नावे ठेवली नाहीत. आवडले तर घेत, नाही तर ठेवून देत. ही हदीस मुलांनी मदरशात ऐकलेली होती. कोकणातल्या एका ब्राह्मण घरात तीच वागणूक दिसली तेव्हा ती मुलांना एकदम जवळची वाटली. 'अळणी' हा शब्द त्या वर्गातले एकही मूल आता विसरणार नाही. शब्द एकटा आला तर राहत नाही. तो प्रसंगाचा हात धरून आला, की घरात मुक्काम करतो.

हळूहळू वह्या भरू लागल्या. पत्रावळ, द्रोण, सारवणे, निजानीज असे शब्द आले. दाद्या, नान्या, शेजारच्या आज्ज्या शिक्षिका झाल्या. उलटही झाले. एका मुलाने सांगितले, आमच्या घरचे शब्द पुस्तकात का नाहीत? धोटा, कांडी, बीम? मी म्हणाले, ते लिहिणारा तुमच्यातून यायचा आहे.

यातून मुलांना एक मोठी गोष्ट कळली. मराठीतले कितीतरी शब्द त्यांना उर्दूमुळे आधीच माहीत होते, फक्त मराठी वेशात ओळखू येत नव्हते. हजर, खर्च, जमीन, कागद, वकील, मेहनत, जाहीर, इलाज. आपल्याच कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात पुढे शिकवलेले कवी माधव ज्यूलियन हे फारसीचे प्राध्यापक होते. त्यांनी १९२५ साली 'फार्शी-मराठी कोश' प्रसिद्ध केला, तो अशाच शब्दांचा. म्हणजे मराठी ही आपल्याला परकी भाषा नाही. आपल्या उर्दूतले शब्द तिच्या अंगणात शेकडो वर्षे राहत आले आहेत.

मात्र इथे एक सावधगिरी हवी, आणि घरी वाचून घेणाऱ्या पालकांनी ती जरूर लक्षात ठेवावी. शब्द तोच असला तरी अर्थ पुष्कळदा बदललेला असतो. उर्दूत 'तालीम' म्हणजे शिक्षण, कोल्हापुरात तालीम म्हणजे पैलवानांचा आखाडा. उर्दूत 'खाली' म्हणजे रिकामे, मराठीत खाली म्हणजे तळाकडे. 'खुलासा' उर्दूत सारांश, मराठीत स्पष्टीकरण. 'हफ्ता' उर्दूत आठवडा, मराठीत हप्ता म्हणजे कर्जफेडीचा भाग. हिंदीत 'शिक्षा' म्हणजे तालीम, आणि मराठीत शिक्षा म्हणजे छडी! हे शब्द यादीतून शिकवले तर गोंधळ होतो. वाक्यात भेटले तर मूल आपोआप सावध होते.

असे वाचत आम्ही पुस्तकाच्या शेवटच्या भागात आलो. श्यामच्या वडिलांवर कर्ज होते. सावकाराचा माणूस दारात येऊन बसतो, तगादा लावतो, घरावर जप्ती येते. कर्ज, तगादा, वसुली, जप्ती, अब्रू. फळ्यावर मी हे पाच शब्द लिहिले आणि मुलांना दाखवले की पाचही आपल्याकडून गेलेले आहेत. 'आब' म्हणजे पाणी, तेज. 'रू' म्हणजे चेहरा. चेहऱ्यावरचे पाणी म्हणजे अब्रू. तकाजाचा झाला तगादा, जब्तची झाली जप्ती. मी खुशीत होते. वर्ग गप्प होता, हे मला उशिरा लक्षात आले.

त्या रात्री वह्या तपासताना एका मुलीचे वाक्य वाचले. हीच ती मुलगी, जिची अम्मी शाळेत आली होती. 'तगादा' या शब्दापुढे तिने लिहिले होते, 'अब्बांचा फोन वाजतो, अब्बा उचलत नाहीत, अम्मी आम्हाला गप्प बसायला सांगते, त्याला तगादा म्हणतात.'

व्याकरणात काही चूक नव्हती. मी त्या वाक्याखाली लाल शाई वापरली नाही आणि ते वर्गात वाचलेही नाही. दुसऱ्या दिवशी तिला बाजूला घेतले. तेव्हा कळले की अब्बांनी जुने माग घेण्यासाठी एका संस्थेचे कर्ज काढले होते, मंदी आली, हप्ते थकले. नववीनंतर शाळा सोडून कांड्या भरायला जायचे, असे तिने मनात ठरवलेही होते. हे तिने कुणालाच सांगितले नव्हते. म्हणाली, "मॅडम, कसं सांगायचं ते मला माहीत नव्हतं. त्या पुस्तकात बघितलं, मग लिहिता आलं."

त्या दिवशी मला समजले की शब्दसंपत्ती म्हणजे गुणांची गोष्ट नाही. ज्या दुःखाला नाव नाही ते माणूस एकट्याने वाहतो. नाव मिळाले की ते दुसऱ्यासमोर मांडता येते.

पुढे तिने अब्बांच्या वतीने मराठीत अर्ज लिहिला. मी फक्त मांडणी सांगितली, शब्द तिचे होते. थकलेले हप्ते, मुदतवाढ, विनंती. अब्बा उर्दू वाचतात, पण मराठी अर्जाची त्यांना धास्ती होती, म्हणून ते तिथे जाण्याचेच टाळत होते. अर्ज घेऊन ते गेले. तीन महिन्यांची मुदत मिळाली. ती अर्जामुळेच मिळाली असे मी म्हणणार नाही. पण फोन न उचलणारा माणूस समोर जाऊन बोलला, एवढे खरे. मुलगी आज दहावीत आहे. तिच्या आणि तिच्या अम्मीच्या परवानगीनेच हे लिहिते आहे.

आता एक नाजूक प्रश्न. एका पालकांनी मला विचारले होते, "मॅडम, त्या पुस्तकात व्रत आहे, पूजा आहे, सोवळे आहे. आमच्या मुलांनी ते कशाला वाचायचे?" प्रश्न रागाचा नव्हता, काळजीचा होता. मी त्यांना सांगितले, शेजाऱ्याच्या घरातला शब्द कळणे म्हणजे त्याचा विधी स्वीकारणे नव्हे. आपल्या शेजारच्या बायकांना रोजा, इफ्तार, शीरखुर्मा हे शब्द कळतात, म्हणून त्यांचा धर्म बदलला का? हजरत जैद बिन साबित (रजि.) यांना प्रेषितांनी (स.) यहुद्यांची लिपी शिकायला सांगितली होती आणि त्यांनी ती थोड्याच दिवसांत आत्मसात केली. दुसऱ्याची भाषा शिकणे ही आपल्याकडे सुन्नतच्या विरोधातली गोष्ट कधीच नव्हती. शिवाय साने गुरुजी कोण, हेही पाहावे. दलितांना पंढरपूरच्या मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून १९४७ साली त्यांनी उपोषण केले. आपल्या धर्माचा परिचय मराठी वाचकांना व्हावा म्हणून 'इस्लामी संस्कृती' हे पुस्तक लिहिले. त्यांनी आपल्याला समजून घेण्याचा कष्ट घेतला, तर आपण त्यांच्या आईची गोष्ट वाचायला काय हरकत? ते पालक हसले. आता त्यांच्या घरी ते पुस्तक आहे.

कादंबरीतून मुलींना भाषा शिकवण्याची रीत आपल्याकडे नवीनही नाही. डेप्युटी नजीर अहमद यांनी आपल्या मुलींना वाचायला चांगले पुस्तक मिळेना, म्हणून थोडे थोडे लिहून त्यांच्या हाती दिले. तेच १८६९ साली 'मिरातुल उरूस' म्हणून प्रसिद्ध झाले आणि सरकारने त्याला एक हजार रुपयांचे इनाम दिले. अकबरी आणि असगरी या दोन बहिणींची ती गोष्ट. दिल्लीच्या घरांतल्या बायकांची जिवंत बोली त्यात आहे. पिढ्यान्‌पिढ्या मुली त्यातून उर्दू शिकल्या, कोश पाठ करून नव्हे.

घरी हे करायचे असेल तर फार काही लागत नाही. मगरिबनंतर किंवा इशाच्या आधी वीस मिनिटे काढावीत. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावा. एकाने मोठ्याने वाचावे, बाकीच्यांनी ऐकावे. एका पानावर पाच-सहापेक्षा जास्त शब्द अडत असतील तर ते पुस्तक सध्या बाजूला ठेवून सोपे घ्यावे. शब्द आला की आधी अंदाज करावा, मग घरातल्या थोरांना विचारावे, सर्वांत शेवटी कोश उघडावा. वहीत शब्दाचा अर्थ एका ओळीत आणि स्वतःच्या घरातले वाक्य दुसऱ्या ओळीत लिहावे. तोच शब्द पुढच्या पानांवर पुन्हा भेटला की मुलाला सांगू द्यावे, "हा माझ्या ओळखीचा आहे!" त्या आनंदाला कुठल्याही परीक्षेचे गुण सरत नाहीत.

आणि ज्या मातांना वाचता येत नाही त्यांनी स्वतःला कमी समजू नये. कोशात नसलेले अर्थ तुमच्याजवळ आहेत. मुलांना तेवढे विचारायला लावा.

परवा ती मुलगी वही दाखवायला आली. पहिल्या पानावर तिने पहिला शब्द जपून ठेवला आहे, 'अळणी'. त्यापुढे अर्थ लिहिला आहे, 'अम्मीने सांगितलेला'.