दीड मिलिग्रॅम

हवेचे वजन करणारा एक मनुष्य चंद्रपुरात आहे, एवढेच एका परिचिताच्या तोंडून ऐकले आणि कुतूहल आवरेना, म्हणून डिसेंबरातील एका सकाळी, सूर्य उगवूनही त्याचा प्रकाश छपरांपर्यंत धड पोहोचला नव्हता अशा वेळी, मी एका सरकारी इमारतीच्या गच्चीवर त्याच्यापुढे जाऊन उभा राहिलो. खालच्या गल्लीत चहाच्या टपरीवर दगडी कोळशाची शेगडी पेटत होती. तिचा गंधकट, घशाशी रेंगाळणारा वास वर येत होता.

काम तसे साधे. यंत्र तासाला १ घनमीटर हवा ओढते, जाड धूळ वाटेतच अडवते आणि २.५ मायक्रॉनांहून सूक्ष्म कण एका पातळ चकतीवर साठवीत जाते; २४ तासांनी चकती बदलायची, नोंदवहीत वेळ मांडायची, सही करायची. त्या गृहस्थांनी झाकण उघडले, आपला उच्छ्वास पडू नये म्हणून मान वळवली आणि चिमट्याने चकती उचलून मला दाखवली. कड पांढरीशुभ्र; आतला वाटोळा भाग काजळीने माखलेला.

"वजन किती भरेल?" मी विचारले.

"दीड मिलिग्रॅमपर्यंत कायद्यात बसते जी. थंडीत मात्र बसवणं कठीण."

दीड मिलिग्रॅम! २००९ च्या राष्ट्रीय मानकानुसार या कणांची २४ तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे, आणि दिवसभरात चकतीतून २४ घनमीटर हवा जाते, म्हणजे हिशेब जवळजवळ तेवढाच येतो. याच जिल्ह्यात निपजलेल्या एचएमटी तांदळाचा बारीक दाणाही त्याहून कित्येक पटींनी भारी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली मर्यादा तर या राष्ट्रीय मर्यादेचा चौथा हिस्सा.

हिवाळ्यात रात्री जमीन लवकर निवते, तिच्यालगतची हवा थंड व जड होऊन बसते, वर उबदार हवेचा थर येतो, आणि उन्हाळ्याच्या दुपारी किलोमीटर-दोन किलोमीटर उंचीपर्यंत विखुरणारा धूर शेदोनशे मीटरांत कोंडून राहतो. शेगड्या, शेकोट्या, पेटवलेला कचरा, कोळशाचे ट्रक हे आरोपी सर्वांना ठाऊक असतात. त्यांचा धूर दिसतो, आणि नोटीस बजावायलाही तेच सोपे.

"डोळ्याला दिसून राहिला तेवढाच धूर नसते जी," ते चकती डबीत ठेवीत म्हणाले. "काही माल हवेतच तयार होते."

हे त्यांचे वाक्य रसायनशास्त्राशी तंतोतंत जुळते. कोळशातील गंधक जळून निघालेला वायू चिमणीबाहेर पडताना कण नसतोच. तो वाऱ्यासवे कोसोगणती जातो, हवेतील ऑक्सिडीकारक द्रव्ये व ओलावा यांच्या संगतीने गंधकाम्ल बनतो, आणि गोठे, खते व गटारे यांतून उठणाऱ्या अमोनियाशी संयोग पावून अमोनियम सल्फेटचा घन कण होतो. वाहनांच्या नायट्रोजन ऑक्साइडांपासून असेच अमोनियम नायट्रेट घडते. ते थंड, दमट हवेत टिकते, उबेत पुन्हा वायुरूप होते. म्हणूनच ती डबी बर्फाच्या पेटीत गेली. "उन्हात ठेवली तर वजन उडून जाते," असे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर मुद्देमाल सांभाळणाऱ्या शिपायाची दक्षता होती.

पुढे प्रयोगशाळेत ठरावीक तापमानाच्या व कोरड्या हवेच्या खोलीत चकती दिवसभर ठेवून सूक्ष्म तराजूवर जोखतात. चकती काळीकुट्ट दिसेल एवढी काजळी नसली, तरी वजन मर्यादेबाहेर जाऊ शकते, कारण हे सल्फेट-नायट्रेटचे क्षार स्वतः पांढरे असतात.

गच्चीवरून औष्णिक वीजकेंद्राच्या चिमण्या धुक्यात पुसट दिसत होत्या. केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट. अशा केंद्रांच्या गंधकी वायूवर केंद्र सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये मर्यादा घातली, २ वर्षांची मुदत दिली, ती वारंवार वाढवली, आणि जुलै २०२५ मध्ये देशातील बहुसंख्य केंद्रांना गंधक-निवारण यंत्रणेतून सूटच दिली. चंद्रपूरसारख्या प्रदूषित शहरांजवळच्या केंद्रांचा निर्णय प्रकरणागणिक व्हायचा ठेवला. टपरीवाल्याला परवडणारे इंधन मिळवून देऊन ती शेगडी बंद करायला हवी, यात संशय नाही. परंतु चिमणीला मुदतवाढीमागून मुदतवाढ आणि शेगडीला तत्काळ दंड, हा न्याय मला मान्य नाही.