व्हॅन मिसिंग करते तेव्हा

पेट्रोल व्हॅन चढावर झटके देऊ लागली आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकू लागला, की इग्निशन कॉइलवर संशय घ्यावा. बॅटरीच्या १२ व्होल्टचे हजारो व्होल्ट करून प्लगला ठिणगी पुरवणे हे तिचे काम. दिवा लुकलुकत असताना गाडी दामटू नका. न जळलेले पेट्रोल महागड्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची वाट लावते.

नवी कॉइल घेण्याआधी अदलाबदल करून पाहाच. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल असेल आणि स्कॅनरवर पी०३०२, म्हणजे दुसऱ्या सिलिंडरचा मिसफायर दिसला, तर ती कॉइल तिसऱ्यावर लावा. कोड पी०३०३ झाला, तर दोष कॉइलचाच. नाही झाला, तर प्लग आणि इंजेक्टर तपासा. या पाच मिनिटांच्या कामात कित्येकांचे पैसे वाचतील.

बदलणे सोपे आहे. इंजिन थंड होऊ द्या, बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवा, लॉक दाबून कनेक्टर काढा, बोल्ट खोला आणि कॉइल किंचित फिरवून सरळ वर ओढा. रबरी बूट उजेडात धरून पाहा. त्यावर केसासारखी बारीक काळी रेघ असेल, तर करंट तिथूनच इंजिनच्या बॉडीला जात होता. प्लगच्या खड्ड्यात ऑइल साचले असेल, तर गळणारे गॅस्केट आधी बदला. नाहीतर नवी कॉइलही तशीच जाईल.