द्राक्षबागेतली रात्रपाळी

सांगलीकडच्या विटा, पळशी, तासगाव या पट्ट्यात ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतरचे दोन महिने बागायतदाराचे डोळे आभाळाकडे लागलेले असतात. ढग दाटले की डाऊनी रोगाचा धसका, आभाळ निवळून गारवा आला की भुरी रोगाचा. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात लांबलेल्या पावसाने सांगली-नाशिकच्या बागांची जी दैना केली, ती अजून कोणी विसरलेले नाही. फवारणीच्या हिशेबात पाऊस, दव, तापमान या सगळ्यांना जागा मिळते. उजेडाला मात्र मिळत नाही. ढगाळ हवा म्हणजे ओलसर हवा, इतकाच अर्थ आपण घेतो. ती कमी उजेडाचीही हवा असते, आणि रोगाच्या दृष्टीने ही बाब दुय्यम नाही. उजेड-अंधार हा रोगाच्या वाढीतला स्वतंत्र घटक आहे आणि बागेची कामे तोही धरून आखली पाहिजेत, असे माझे म्हणणे आहे.

आधी डाऊनी. तिचा कर्ता प्लाझ्मोपारा व्हिटिकोला. शास्त्रज्ञ त्याला खऱ्या बुरशीत धरत नाहीत, तो शेवाळवर्गीय जीवांच्या जवळचा आहे. बागेत मात्र त्याला बुरशीच म्हणतात आणि त्याने काही बिघडत नाही. हा जीव पानाच्या आत वाढतो आणि योग्य वेळ आली की पानाच्या मागच्या बाजूच्या पर्णरंध्रांतून बाहेर येऊन पांढरी बीजाणूधानी धरतो. त्यासाठी जवळजवळ संपृक्त दमट हवा, साधारण १३ अंशांच्या वरचे तापमान आणि सलग चारेक तास अंधार लागतो. विट्यातल्या यंत्रमागांसारखीच याचीही रात्रपाळी असते, फरक इतकाच की याला दिवसपाळी जमत नाही. पहाटेपर्यंत माल तयार होतो आणि सकाळच्या दवात बीजाणू पोहत पुढच्या पानात शिरतात.

यावर कोणीही म्हणेल, अंधार म्हणजे रात्र आणि रात्री दव पडतेच. मग श्रेय ओलाव्याला द्यायचे सोडून अंधाराला कशाला? शंका रास्त आहे, आणि शेतात तिचे उत्तर मिळत नाही, कारण तिथे ऊन आणि ओल एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत. प्रयोगशाळेत येतात. रोगट पानांचे तुकडे बंद पेट्यांत ठेवून आर्द्रता आणि तापमान सारखेच राखले, तरी अखंड उजेडातल्या तुकड्यांवर बीजाणू धरणे थांबते आणि अंधारातल्या तुकड्यांवर पांढरा थर येतो. ओल हवीच; पण ती एकटी पुरत नाही.

दुसरी शंका यापेक्षा अवघड आहे. रात्री झाडच कमकुवत होत असेल तर? चिलीमधील लुईस लारोंदो यांच्या गटाने २०१५ मध्ये बोट्रायटिस या करड्या बुरशीवर नेमका हाच प्रश्न तपासला. या बुरशीला स्वतःचे जैविक घड्याळ आहे आणि संध्याकाळी लागण केल्यास तिचे डाग पहाटेच्या लागणीपेक्षा मोठे पडतात, असे त्यांना दिसले. मग त्यांनी झाड आणि बुरशी यांना उलटसुलट वेळांच्या उजेडात वाढवले, शिवाय बुरशीचे घड्याळ चालवणारे जनुक काढून टाकले. घड्याळ बिघडलेल्या बुरशीत सकाळ-संध्याकाळचा भेद उरला नाही. म्हणजे वेळ झाडाच्या जोडीने बुरशीही ओळखते. प्रयोग द्राक्षावर झाला नव्हता, हे खरे. पण असे घड्याळ उजेडाशी जुळवणारी, निळा उजेड ओळखणारी प्रथिने अनेक बुरशींत सापडतात, त्यामुळे तो एकटादुकटा नमुना मानता येत नाही.

भुरीची गोष्ट वेगळी, आणि माझ्या मते अधिक उपयोगाची. भुरीचे तंतू पानाच्या आत जात नाहीत. पृष्ठभागावर पसरून फक्त वरच्या पेशींत शोषक मुळ्या रोवतात. अंगात काळे रंगद्रव्य नसल्याने ऊन थेट लागते. न्यूयॉर्क राज्यात क्रेग ऑस्टिन आणि वेन विल्कॉक्स यांनी २०१२ मध्ये दाखवले की सावलीतल्या घडांवर आणि पानांवर भुरी जास्त येते, आणि उन्हातले फक्त अतिनील किरण गाळून टाकले तरीही ती वाढते. उन्हाने पान तापते हा परिणाम होताच, पण अतिनील किरणांचा वाटा त्यातून वेगळा काढता आला.

मग ऊन भरपूर असलेल्या विटा-पळशीच्या खानापूर तालुक्यात भुरी यावीच कशी? एक तर ऊन मांडवाच्या माथ्यावर पडते, घडाजवळ नव्हे. बगलफुटी वेळेवर काढल्या नाहीत, शेंडे मोकाट सोडले, की आत दिवसभर सावली राहते. विरळणीने हवा खेळते हे आपण सांगत आलो. आत अतिनील किरण पोहोचतात, हा तिचा दुसरा आणि कमी सांगितलेला फायदा. दुसरे कारण अधिक रंजक आहे. अतिनील किरणांनी तुटलेला डीएनए जोडणारे फोटोलायेज नावाचे विकर बुरशीकडे असते आणि ते निळ्या उजेडावर चालते. (या विकरावरील कामाचा समावेश असलेल्या संशोधनासाठी अझीझ संकार यांना २०१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.) दिवसा इजा आणि दुरुस्ती दोन्ही एकाच उन्हातून होतात. म्हणूनच नॉर्वे आणि अमेरिकेतील संशोधकांनी अतिनील दिवे रात्री वापरून पाहिले. अंधारात ही दुरुस्ती होत नसल्याने थोडा मारा पुरतो आणि झाडाला इजा होत नाही. हरितगृहातील गुलाबांच्या भुरीवर हे २०१२ मध्येच दिसले. पुढे स्ट्रॉबेरी आणि द्राक्षांवरही त्याचे प्रयोग झाले.

याचा अर्थ उजेड वाढवला की रोग गेला, असा मात्र नाही. एक तर फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात उघडे पडलेले मणी भाजतात; पाने किती काढायची याचा हात न्यूयॉर्कच्या पुस्तकावरून बसत नाही. दुसरे म्हणजे सगळ्या बुरशी एका माळेतल्या नाहीत. बोट्रायटिसच्या अनेक प्रकारांना बीजाणू धरायला अतिनीलजवळचा उजेडच लागतो. तो गाळणाऱ्या प्लास्टिकखाली हा रोग कमी होतो, असे इस्रायलमध्ये दिसले आहे. सांगली-नाशिककडे आता बागांवर प्लास्टिक आच्छादन येऊ लागले आहे, तेव्हा हा मुद्दा थेट खिशाशी येऊन भिडतो. आच्छादनाने पाने भिजत नाहीत, डाऊनी आटोक्यात येते. पण भुरीला पावसाची गरजच नाही, आणि आच्छादनाने अतिनील किरण अडवले तर तिच्यावरचा एक नैसर्गिक अंकुश निघून जातो. कापड किती मायक्रॉनचे, किती वर्षे टिकेल, हे दुकानात विचारले जाते. ते कोणते किरण आत सोडते, हेही त्याच बैठकीत विचारायला हवे, आणि आच्छादनाखालच्या पहिल्या हंगामात भुरीची पाहणी उघड्या बागेपेक्षा आधी सुरू करायला हवी.