एकट्याचे शिवधनुष्य

एखाद्या तरुणाने 'मी स्वतःची ऑपरेटिंग सिस्टिम पहिल्या ओळीपासून लिहिणार आहे' असे जाहीर केले, की ऐकणाऱ्या जाणकारांच्या चेहऱ्यावर एक ठरावीक स्मित उमटते. त्यात कौतुक थोडे आणि कीव अधिक असते. हे शिवधनुष्य एकट्याने पेलण्याचे नव्हे, असा त्याचा अर्थ. हा अविश्वास सर्वस्वी अनाठायी आहे असे म्हणता येणार नाही. परंतु तो नेमका कशाविषयी बाळगावा, याचा विचार मात्र क्वचितच होतो.

ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे संगणकाच्या कचेरीतील हेडक्लार्क. कोणाचे काम आधी हाती घ्यावे, कोणत्या प्रोग्रॅमला स्मृतीत किती जागा द्यावी, कोणती फाइल कोठे ठेवावी, छपाईयंत्राला केव्हा हाक मारावी, हे सारे तोच ठरवितो. त्याचे अस्तित्व कोणाच्या ध्यानीही येत नाही. पण तो अडला की सारी कचेरी ठप्प होते. असा कारभारी घडविणे किती कठीण, याचा दाखला आयबीएम या कंपनीनेच दिला आहे. तिच्या ओएस/३६० या प्रणालीच्या कामाचे नेतृत्व करणाऱ्या फ्रेड ब्रुक्स यांच्या अंदाजानुसार १९६३ ते १९६६ या काळात त्यावर सुमारे पाच हजार मनुष्यवर्षे खर्ची पडली. तरीही काम लांबले, ते लांबलेच. जेथे एवढी फौज थकली, तेथे एकट्याचा काय पाड, असे कोणी विचारले तर त्यात नवल ते काय?

परंतु त्याच ब्रुक्स यांनी १९७५ साली ग्रंथ लिहून जगाला बजावले, की रखडलेल्या कामावर आणखी माणसे नेमली तर ते अधिकच रखडते. म्हणजे माणसांची संख्या हे यशाचे गमक नव्हे. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन यांनी, पत्नी व मूल परगावी गेले असताना, अवघ्या काही आठवड्यांत एका दुर्लक्षित पीडीपी-७ यंत्रावर युनिक्सचा पहिला सांगाडा उभा केला. अर्थात, मल्टिक्स या महाप्रकल्पाचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता आणि डेनिस रिची यांच्यासारखे सहकारी शेजारीच होते, हेही विसरून चालणार नाही.

या संदर्भात हेलसिंकीचा प्रसंग विशेष उद्बोधक आहे. १९९१ च्या ऑगस्टमध्ये तेथील विद्यापीठाचा लिनस टॉरवाल्ड्स हा एकवीस वर्षांचा विद्यार्थी, आपण केवळ हौस म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहीत आहोत, असे सांगता झाला. पुढे जानेवारी १९९२ मध्ये अ‍ॅम्स्टरडॅमचे प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी लिनक्सची रचनाच कालबाह्य असल्याचे जाहीरपणे म्हटले. गंमत अशी की, विद्यार्थ्यांना शिकविण्यासाठी मिनिक्स नावाची छोटेखानी प्रणाली याच प्राध्यापकांनी स्वतः लिहिली होती, आणि टॉरवाल्ड्स यांचे आरंभीचे कामही तिच्याच आधाराने झाले होते! प्राध्यापकांचे दोन आक्षेप मुख्य होते: सारा कारभार एकाच गाभ्यात कोंबला आहे, आणि तो एकाच जातीच्या प्रोसेसरला जखडलेला आहे. पैकी पहिला वाद आजही मिटलेला नाही. दुसरा दोष खरा होता. पण १९९५ पर्यंत लिनक्स वेगळ्या जातीच्या प्रोसेसरवरही चालू लागले. २०१७ च्या नोव्हेंबरपासून तर जगातील पहिल्या पाचशे महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक यंत्रावर लिनक्स आहे, आणि अँड्रॉइड फोनच्या रूपाने त्याचा गाभा आपल्या खिशातही येऊन बसला आहे.

मग एकट्याने ते करून दाखविले, असे म्हणावे काय? तसे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. ज्या कंपायलरवर लिनक्स घडले, तो रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली घोषित केलेल्या ग्नू प्रकल्पाचा होता. १९९२ मध्ये टॉरवाल्ड्स यांनी त्याच प्रकल्पाचा परवाना स्वीकारला, आणि कोणालाही त्यात भर घालण्याची वाट मोकळी झाली. बाजारात नवनवी यंत्रे येतात, त्या प्रत्येकाशी बोलणारा प्रोग्रॅम कोणीतरी लिहावा लागतो. हे काम कोणा एकाच्या आयुष्यात पुरे होणारे नाही. टेरी डेव्हिस या अमेरिकन गृहस्थांनी टेम्पल-ओएस ही प्रणाली, तिची भाषा आणि कंपायलर यांसह, खरोखर एकहाती लिहिली. जाणकार तिचे कौतुक करतात. परंतु इतर संगणकांशी जोडले जाण्याची सोयच तिच्यात नव्हती. ती दैनंदिन वापरात आली नाही.

तेव्हा 'एकटा लिहू शकेल काय?' हा प्रश्नच चुकीचा. गाभा एकटा लिहू शकतो, हे अनेकदा सिद्ध झाले आहे. विचारावयाचे ते असे: तो उसने काय घेणार आहे, दार कोणासाठी उघडे ठेवणार आहे, आणि त्याला हवे आहे ते ज्ञान की बाजारपेठ? ज्ञान हवे असेल, तर प्रणाली अपुरी राहिली तरी श्रम वाया जात नाहीत. स्मृतीची वाटणी ज्याने स्वतःच्या हाताने एकदा केली, त्याला यंत्राचे अंतरंग जेवढे कळते, तेवढे दहा पुस्तकांनी कळत नाही.

शंका घेणे हा शिक्षकाचा अधिकारच आहे. पण टॅनेनबॉम यांनी शंकेबरोबर तिची कारणेही दिली होती, म्हणूनच तिला उत्तर देता आले. कारण सांगणारी शंका पुढच्या कामाची यादी ठरते. नुसते स्मित तरुणाच्या हातातील लेखणी तेवढी खाली ठेवायला लावते. आपल्या वर्गातला एखादा विद्यार्थी उद्या असा संकल्प बोलून दाखवील, तेव्हा आपण त्याला यांपैकी काय देणार आहोत?