गाडी थांबवा, बाया उतरणार आहेत

दसरा-दिवाळी झाली की आपल्या वडवणी, धारूर, पाटोद्याच्या गावांतून ऊसतोडीच्या गाड्या भरायला लागतात. भांडीकुंडी, कोंबड्या, लेकरं आणि सगळ्यांच्या वर आपण. सांगली, कोल्हापूर, पार बेळगावपर्यंत जायचं. उचल किती, कारखाना कोणता, सगळं ठरलेलं असतं. बाईनं वाटेत लघवीला कुठं जायचं, हे मात्र कुणी ठरवत नाही.

गड्याचं सोपं आहे, गाडी हळू झाली की उतरला. आपण आदल्या रात्रीपासूनच पाणी तोडतो. मीही तोडलंय. एकदा सकाळी ट्रॅक्टरवर चढले ती अंधार पडेपर्यंत उतरले नाही. ओटीपोट दगडासारखं झालं. तिसऱ्या दिवशी थंडी वाजून ताप आला, कोपीत पडून राहिले, आणि खाडे मात्र हिशेबात धरले गेले.

असं का होतं? बाईची लघवीची नळी जेमतेम चार सेंटिमीटर, म्हणजे दोन-अडीच बोटांएवढी. पुरुषाची त्याच्या कितीतरी पट लांब. म्हणून बाहेरचे जंतू आपल्यात लवकर वर चढतात. लघवी झाली की ते धुऊन निघतात. पाणी प्यायलं नाही, वर लघवी दाबून धरली, की त्यांना वाढायला वेळ मिळतो. रंग बघत जा. फिकट पिवळी असेल तर पाणी पुरतंय. गडद झाली तर लगेच प्या. गरोदर बाईनं तर अजिबात दाबून धरू नये, तिला हा त्रास वाढला तर दिवस भरायच्या आधी कळा येऊ शकतात.

निघण्याआधीच मुकादमाला सगळ्यांसमोर सांगा, दर तीन तासांनी गाडी थांबेल. एकटीला लाज वाटते. पाचजणी बोलल्या की ड्रायव्हर थांबतो. त्या दिवसांत तूर उभी असते, तिच्यासारखा आडोसा नाही. आधी काठी आपटा, साप-विंचू बघा. तूर नसेल तर दोघींनी जुनी साडी धरावी. विहीर, ओढा यांच्यापासून लांब बसा. परसाकडं गेलात तर खुरप्यानं वीतभर खड्डा करून वर माती लोटा, आणि धुताना हात पुढून मागं न्या. डिझेल भरायला पंपावर थांबलात तर तिथलं शौचालय विचारा, संकोच कशाला? कडी मोडकी असेल तर एकीनं बाहेर उभं राहावं. पाळीचं कापड किंवा पॅड अशाच थांब्यावर बदला.

लघवीला जळजळ, सारखी घाई, रक्त, किंवा तापाबरोबर कंबरेच्या वर पाठीत दुखणं, यातलं काही झालं तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन लघवी तपासून घ्या. औषधाचा डोस अर्ध्यावर सोडू नका.

आता एक मनातलं. २०१९ मध्ये आरोग्यमंत्र्यांनी विधान परिषदेत सांगितलं, की तीन वर्षांत एकट्या बीड जिल्ह्यात ४,६०५ बायांची गर्भाशयं काढली गेली. लघवीची पिशवी वेगळी, गर्भाशय वेगळं. लघवीच्या जळजळीवर गर्भाशय काढणं हा इलाज नाही. कुणी तसं सुचवलं तर सही-अंगठा देऊ नका, आधी सरकारी दवाखान्यात दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा.

आणि हो, ती जुनी साडी वरच्या बोचक्यात ठेवा. तळाशी गेली तर वाटेत कोण सोडत बसणार?