विश्लेषण : मावळात सार्वजनिक गोल्फ कोर्स झालाच, तर तो कोणाच्या पैशावर आणि कोणाच्या पाण्यावर?

लोणावळ्यात पर्यटकांसाठी काहीतरी मोठे हवे, ही चर्चा दर पावसाळ्यात होते. टायगर पॉइंट परिसरातील काचेच्या पुलाला २०२४ मध्ये मंजुरी मिळाली, तो प्रकल्प सुमारे ३३३ कोटींचा. गोल्फ मात्र या भागात आजवर खासगीच राहिला. लोणावळ्याहून गाठता येणारा अँबी व्हॅलीतील १८ होलचा कोर्स पैसेवाल्यांसाठी आहे आणि नगरपरिषदेचा असा कोर्स मावळात एकही नाही. तो करता येईल का? करायचा तर चालवणार कोण? या प्रश्नांची उत्तरे शोधायला फार लांब जावे लागत नाही. बरीचशी गहुंजेतच सापडतात.

सार्वजनिक गोल्फ कोर्स म्हणजे काय?

जिथे लाखो रुपयांचे सभासदत्व न घेता, त्या दिवसाचे शुल्क भरून कोणालाही खेळता येते आणि ज्याची मालकी सरकारी किंवा निमसरकारी संस्थेकडे असते, तो सार्वजनिक कोर्स. दिल्ली विकास प्राधिकरणाचा लाडो सराई येथील कुतुब गोल्फ कोर्स हे देशातील ठळक उदाहरण. महाराष्ट्रात सिडकोने खारघरच्या डोंगरपायथ्याशी, सेंट्रल पार्कच्या शेजारी असा कोर्स उभारला. नाशिकमध्ये ‘गोल्फ क्लब मैदान’ आहे, पण तिथे रणजी सामने होतात आणि सकाळी लोक चालायला येतात. गोल्फचे फक्त नाव उरले आहे.

सिडको आणि दिल्ली विकास प्राधिकरण यांच्यात एक साम्य आहे. दोन्ही संस्था जमीन विकसित करून विकतात. आसपास हिरवळ असली की भूखंडांना भाव येतो. त्यामुळे गोल्फ कोर्स स्वतःच्या शुल्कावर तोट्यात गेला तरी तो खर्च दुसऱ्या खिशातून भरून काढता येतो. नगरपरिषदेला असा दुसरा खिसा नसतो. लोणावळ्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ५७ हजार. घरपट्टी, पाणीपट्टी आणि सरकारी अनुदान यांवर चालणाऱ्या या संस्थेला दर शनिवार-रविवारी येणाऱ्या पर्यटकांचा कचराही उचलावा लागतो.

खर्च नेमका कशावर होतो?

होलभोवतीचा जो गुळगुळीत भाग असतो त्याला ‘ग्रीन’ म्हणतात. तिथले गवत तीन-चार मिलिमीटर उंचीवर ठेवावे लागते, म्हणजे खेळाच्या हंगामात ते जवळजवळ रोज कापायचे. त्यासाठी वेगळी यंत्रे, त्यांची पाती, प्रशिक्षित माळी, वाळू, खते, बुरशीनाशके, पंप आणि त्यांचे वीजबिल आलेच. जमिनीखालच्या नळ्या आणि तुषार सिंचनाची यंत्रणा वीस-पंचवीस वर्षांनी बदलावी लागते आणि हा खर्च एकदम अंगावर येतो.

लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. त्या काळात खेळ ठप्प होतो, वाळूचे खड्डे वाहून जातात, निचऱ्याच्या चरांत गाळ बसतो. म्हणजे उत्पन्न बंद आणि दुरुस्ती चालू. उद्घाटनाच्या अंदाजपत्रकात यातले फारसे काही दिसत नाही. बांधकामासाठी निधी मंजूर होतो, पण गवत कापण्यासाठी दरवर्षी निधी मागायला गेलेल्या मुख्याधिकाऱ्याला काय उत्तर मिळेल, याची कल्पना कोणत्याही नगरसेवकाला असेल.

पाणी किती लागते?

खरी अडचण इथे आहे. अठरा होलच्या कोर्सला साधारण ५० ते ६० हेक्टर जागा लागते. त्यातील २० हेक्टरच उन्हाळ्यात ओली ठेवायची असे धरू. उन्हाळ्यात गवताला दिवसाला पाच मिलिमीटर पाणी लागते असे मानले, तर एका हेक्टरला ५० हजार लिटर आणि २० हेक्टरांना दहा लाख लिटर. शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी १३५ लिटरचा निकष वापरला जातो. म्हणजे हे पाणी सुमारे ७,४०० माणसांचे झाले. लोणावळ्याच्या दर आठ रहिवाशांपैकी जवळजवळ एकाचे.

क्रिकेटचे मैदान याच हिशेबाने खूप लहान. ते दोन हेक्टरच्याही आत बसते, त्याला लाखभर लिटर पुरते. तरीही तेवढ्या पाण्यावरून मावळातील मैदान उच्च न्यायालयात पोहोचले होते. एप्रिल २०१८ मध्ये कावेरी आंदोलनामुळे चेन्नई सुपर किंग्जचे घरचे सामने गहुंजेला हलवण्यात आले. तेव्हा लोकसत्ता मूव्हमेंट या संस्थेच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने पवना धरणाचे पाणी खेळपट्टी व मैदानासाठी घेण्यास महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनला मनाई केली. पाणी देण्याचा करार औद्योगिक वापराच्या नावाखाली झाला होता. क्रिकेटचे स्टेडियम हा कोणता उद्योग, हा प्रश्न साहजिकच पुढे आला. सामने गहुंजेतच झाले, धरणाचे पाणी मात्र मिळाले नाही. त्याआधी २०१६ च्या दुष्काळात याच न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएल सामने राज्याबाहेर नेण्यास सांगितले होते.

पवनेचे पाणी हा मावळात केवळ कागदी विषय नाही. पिंपरी-चिंचवडला थेट धरणातून बंद जलवाहिनीने पाणी नेण्याच्या योजनेविरुद्ध शेतकरी ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे द्रुतगती मार्गावर उतरले. पोलिसांच्या गोळीबारात तीन जणांचा मृत्यू झाला. योजनेवरील स्थगिती सरकारने २०२३ मध्ये उठवली. शेजारच्या महानगराच्या पिण्याच्या पाण्यासाठी जिथे एवढे घडले, तिथे गोल्फच्या गवतासाठी धरणाचे पाणी मागणारा प्रस्ताव कोण मांडणार? लोणावळ्याच्या दारातील वळवण आणि लोणावळा तलाव तर टाटांच्या जलविद्युत प्रकल्पाचे आहेत. त्यांचे पाणी शंभरहून अधिक वर्षे घाट उतरून खोपोलीच्या वीजनिर्मिती केंद्रात जाते.

मोठा प्रायोजक आणला तर?

हाही प्रयोग मावळाने पाहिला आहे. गहुंजेचे स्टेडियम एप्रिल २०१२ मध्ये सुरू झाले आणि त्याला ‘सुब्रत रॉय सहारा स्टेडियम’ असे नाव देण्यात आले. नामकरणाच्या हक्कांचा व्यवहार २०० कोटींहून अधिक रकमेचा होता. ठरलेले पैसे न आल्याने २०१३ मध्ये नाव उतरवावे लागले. बांधकामाचे कर्ज मात्र राहिले. २०१८ च्या सुरुवातीला बँक ऑफ महाराष्ट्रच्या पुढाकाराखालील बँकांनी सुमारे ६९ कोटींच्या थकबाकीसाठी स्टेडियमचा प्रतीकात्मक ताबा घेतला. ही एका क्रिकेट संघटनेची मालमत्ता होती. नगरपरिषदेची असती तर बँकेच्या नोटिशीचा भार करदात्यांवर पडला असता.

योगायोग असा की अँबी व्हॅली हीदेखील सहाराचीच. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तिच्या जप्तीचे आणि नंतर लिलावाचे आदेश दिले. सक्तवसुली संचालनालयाने २०२५ मध्ये तेथील ७०७ एकर जमीन जप्त केली. मावळच्या दोन बाजूंच्या दोन हिरवळी, आणि दोन्हींच्या मागे एकाच उद्योगसमूहाचा पैसा.

चालवायला ठेकेदाराला दिला तर?

न्यूयॉर्क शहराने ब्रॉन्क्समध्ये फेरी पॉइंट येथे १२ कोटी डॉलरहून अधिक सार्वजनिक पैसा घालून कोर्स बांधला आणि तो चालवण्याचा २० वर्षांचा करार डोनाल्ड ट्रम्प यांच्या कंपनीशी केला. २०१५ मध्ये कोर्स सुरू झाला. पहिली चार वर्षे कंपनीने शहराला परवाना शुल्क द्यायचे नव्हते. बांधकाम शहराचे, पाटी दुसऱ्याची. पुढे शहराने करार रद्द करायचा प्रयत्न केला तेव्हा प्रकरण न्यायालयात गेले. आपल्याकडे ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ तत्त्वावर दिलेली व्यापारी संकुले पाहिलेल्या वाचकाला यात नवे काही वाटणार नाही.

याहून बरी उदाहरणे आहेत. कॅलिफोर्नियातील सॅन दिएगो शहराच्या मालकीच्या टॉरी पाइन्स या कोर्सवर २००८ आणि २०२१ ची यूएस ओपन स्पर्धा झाली. शहराच्या गोल्फ कोर्सांसाठी स्वतंत्र निधी आहे. गोल्फचे उत्पन्न त्यात जमा होते आणि दुरुस्तीही त्यातूनच होते. स्थानिक रहिवाशांना दर कमी, बाहेरच्यांना बराच जास्त. स्कॉटलंडमध्ये सेंट अँड्र्यूजचा जुना कोर्सही सार्वजनिक जमिनीवर आहे. १९७४ च्या कायद्याने स्थापन झालेला विश्वस्त न्यास तो चालवतो. एरवी रविवारी तिथे खेळ बंद असतो आणि गावकरी कुत्री घेऊन त्याच गवतावर फिरतात. जगातील सर्वात प्रसिद्ध गोल्फ कोर्स आठवड्यातून एक दिवस गावाची बाग होतो, हे लोणावळ्यातील बंगल्यांच्या भिंती पाहणाऱ्याला नवलाचे वाटेल.

मग लोणावळ्यात काय शक्य आहे?

अठरा होल विसरावेत, असे माझे मत. पन्नास हेक्टर सपाट जागा नगरपरिषदेकडे नाही. भुशी धरण रेल्वेचे, तलाव टाटांचे, मोठा परिसर वनखात्याचा आणि ‘आयएनएस शिवाजी’च्या रूपाने नौदलाचा. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राची केंद्राची ३१ जुलै २०२४ ची मसुदा अधिसूचनाही लक्षात घ्यावी लागेल. राज्यातील १७ हजार चौरस किलोमीटरहून अधिक क्षेत्र तिच्या कक्षेत आहे.

नऊ लहान होल किंवा नुसते सराव मैदान दहा-बारा हेक्टरांत बसते. त्यातील पाच हेक्टर भिजवायला वरच्या हिशेबाने उन्हाळ्यात दिवसाला अडीच लाख लिटर पुरतील. एवढे पाणी शहराच्या सांडपाण्यातून शुद्ध करून मिळू शकते आणि तेवढे सांडपाणी इंद्रायणीत जाण्याचेही वाचते. मात्र शुद्धीकरण आधी सुरू झाले पाहिजे. प्रत्यक्षात उलटा क्रम लागतो. आधी हिरवळ तयार होते, मग ‘तात्पुरते’ म्हणून टँकर आणि बोअरवेल येतात.

पैशाच्या बाबतीत कसोटी सोपी आहे. कोर्सचे खाते नगरपरिषदेच्या सर्वसाधारण निधीपासून वेगळे असावे, त्याचा ताळेबंद दरवर्षी जाहीर व्हावा, मावळातील रहिवाशांचा दर वेगळा असावा आणि यंत्रणा बदलण्यासाठी दरवर्षी ठरावीक रक्कम बाजूला पडावी. एवढे करूनही शुल्कातून रोजचा खर्च निघत नसेल, तर त्याच जागेत साधे खेळाचे मैदान करणे स्वस्त पडेल. तिथे मुले जास्त येतील.

प्रस्तावाच्या नकाशाकडेही लक्ष हवे. नवी मुंबईत नेरुळच्या पाणथळ जागेवर गोल्फ कोर्सबरोबर निवासी संकुलालाही वाट करून देणारा बदल सरकारने केला होता. मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१८ मध्ये तो रद्द केला आणि वाद पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला. त्या प्रकरणात गोल्फपेक्षा त्याच्या शेजारच्या इमारतींवरच जास्त भांडण झाले.